निगडीचा शेक

९ नोव्हेंबर
कापलं! पोटावरची लोंबती पिशवी गेली. पन्नास किलो वजन उतरवलं, पण कातडं जुन्याच मापाचं राहिलं होतं. वळीखाली घामोळं, चिघळणं. वर्गात फळ्याकडे वळले की मागे खुसखुस. आता तिथे पट्टा. दोन बाजूंना दोन नळ्या, टोकाला प्लास्टिकचे गोळे, त्यात सोलकढीच्या रंगाचं पाणी साचतंय. नर्सला विचारलं, कापलेलं केवढं होतं? म्हणाली, बऱ्यापैकी सुरमईएवढं. मला बघायला मिळालं नाही याची खरंच चुटपुट लागली.

१३ नोव्हेंबर
धाकट्या भावाने, नेव्हिलने, गोव्याहून घरी आणलं. सावंतवाडीनंतरचा प्रत्येक खड्डा पोटाला कळला. सरळ उभं राहता येत नाही, टाके ताणतात. माय दारातच होती. ऑपरेशनचं ठरलं तेव्हा म्हणाली होती, "देवान दिलला कातडा कापून कित्याक टाकूचा?" – त्यानंतर अबोला. आज मला वाकून येताना बघून म्हणाली, "कशी चलतंस गो, कुर्लेसारखी!"
खेकडा तर खेकडा, बोलली तर!

१८ नोव्हेंबर
बेंबी नवी आहे. म्हणजे जुनीच, पण नव्या भोकातून बाहेर काढलेली. आरशात बराच वेळ बघितली. ओळख पटेना. झोप अजून आरामखुर्चीत, गुडघे दुमडून.

२४ नोव्हेंबर
नळ्या काढल्या. बेंबीखाली काही कळतच नाही! चमचा, बर्फ, कंगवा – सगळं लावून पाहिलं. शेजारणीच्या पोटाला हात लावावा तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसा कापल्यात, जाणीव यायला महिने लागतील, थोडी जागा कायमची बधिरही राहील. शेकायचं अजिबात नाही, हेही बजावलं. मी हो हो म्हटलं. लक्ष कुठे होतं – एवढी लांब नळी पोटात मावली कशी ते बघत होते!

२ डिसेंबर
आज माय आपणहून खोलीत आली. "सूज बघ केवढी! निगडीचो पालो तापयतंय." निगडी म्हणजे निर्गुंडी, सुजेवर आमच्याकडे तिचाच शेक. ऑपरेशनपासून पहिल्यांदा ती मला हात लावणार होती. नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर शेक कळतो का, तेही बघायचं होतं.
आमच्याकडे शेक देणारीने थांबायचं नसतं. घेणारी "अगो!" म्हणून ओरडली की तो पुरा झाला. मायचे हात तव्यावरच्या भाकऱ्या उलटून निबर झालेत, तिला तापल्या पाल्याची पुरचुंडी कोमटच वाटते.
"सोसता मा?"
"सोसता."
ती आणखी तापवी. "आता?"
"सोसता गो माय!"
मला गंमतच वाटत होती. मग मायने पुरचुंडी उचलली आणि पोटाकडे बघतच राहिली. मोठा फोड आला होता.

३ डिसेंबर
डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या. मलम दिलं. टाके शाबूत आहेत. चूक माझी, पण लेकीला भाजलं म्हणून माय स्वयंपाकघरातून बाहेर येईना. "माझ्याच हातान चेडवाक जाळलंय." मला दुखत नाही गं, म्हटलं – तर जास्तच रडली.

२५ डिसेंबर
जखम भरली. निगडीच्या पानाएवढा डाग राहिलाय. चर्चमधून, नाताळच्या मिस्साहून आल्यावर मायने सगळ्यांना जवळ घेतलं. मला नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी दिली. लांबूनच. त्या दिवसापासून माझ्या अंगाला बोट लावत नाही. फार वाईट वाटतं.

१९ जानेवारी
सरळ चालते! शाळेत कुणी खुसखुसत नाही. डागावर बर्फ – काही नाही. कंगवा – काही नाही.

१ फेब्रुवारी
व्रणाला रोज खोबरेल चोळायचं आहे. म्हटलं, माय, तू लाव. "माका सांगा नको." वाटी ठेवून गेली.

५ मार्च
आज हटूनच बसले. शेवटी मायने तेलाचं बोट डागावर टेकवलं न टेकवलं आणि माझ्या तोंडून निघालं – "अगो! थंड!" तिने हात झटकन मागे घेतला. मी तो धरून परत पोटावर ठेवला.
"सोसता मा?"
"सोसना नाय. पण हात काढू नको."