भरतीरेषेपर्यंतचा अधिकार

ठाणे, ता. ३ मार्च १८९७
प्लेगच्या बंदोबस्तात खरी उणीव औषधाची नसून, कोणाचा अधिकार कोठे संपतो याच्या अज्ञानाची आहे. म्युनिसिपालिटीचा चिटणीस या नात्याने ती आज दूर केली. भरतीरेषेपर्यंतची जमीन म्युनिसिपालिटीची, खाडीचे पाणी कस्टमचे, स्टेशन रेल्वेचे. तसा तक्ता तीन रंगांत काढला. व्हेनिसला सर्व राष्ट्रांची प्लेगपरिषद भरली आहे, प्रत धाडावी. पत्नीने विचारले, तिथे मराठी कोण वाचणार? दृष्टी संकुचित.

ता. ५
चेंदणीच्या गोमाजी कोळ्याच्या मंजुळेचे उद्या लग्न. नवरदेव मोरू वऱ्हाड घेऊन माहूलहून होडीने आला. प्लेगचा मुलूख म्हणून होडी खाडीतच अडविली. रेल्वेचे डॉक्टर म्हणाले, आम्ही गाडीचे उतारू तपासतो. कस्टमचे कारकून म्हणाले, आम्ही माल तपासतो. मी म्हणालो, काठावर उतरल्याखेरीज ते आमचे नाहीत. आणि तपासल्याखेरीज उतरता येत नाही. तक्ता चोख चालतो आहे.
गोमाजी म्हणाला, रावसायब, पोरीला हलद लागलीय, नवरा पान्यात बसवून ठेवू काय? उत्साहाने तासभर समजावले. तो मध्येच उठून गेला.

ता. ६, सकाळी
सखुबाई धवलारीण आली. या लोकांत गाणी म्हणून लग्न तीच लावते. म्हणाली, बामनदादा, तुजा कागद वाचता वाचता पोर म्हातारी व्हयाची. तिलाही रंग दाखविले. तिने विचारले, ओहोटीला मधला चिखल कोनाचा? सांगितले, ती ना जमीन ना पाणी. अर्थात कोणाचाच नाही. अशी जिज्ञासा सुशिक्षितांतही दुर्मिळ.

सायंकाळी
ओहोटी लागताच होडीतले वऱ्हाड चिखलात उतरले. काठावरून नवरी उतरली. सखुबाईने तेथेच गाणे धरले. अडवायला एकही खाते पुढे येईना. हा माझ्या म्हणण्याचा विपर्यास आहे, हे समजावण्यास तक्ता घेऊन खाली गेलो. कमरेपर्यंत रुतलो. नवरदेवाने बाशिंग सांभाळीत मला उपसले. तोवर लग्न लागले होते. अंगात कसकस.

ता. ७
सरकारने आज धाडलेल्या लष्करी डॉक्टरने सर्वांना काठावर रांगेत उभे करून तपासले. वऱ्हाड ठणठणीत, सोडले. ताप फक्त मला. विलगीकरणाच्या झोपडीत आहे. तात्पुरते.

ता. १२
ताप उतरून तीन दिवस झाले. सोडण्याचा हुकूम कोणी द्यावा, असे डॉक्टरने सर्व खात्यांना विचारले. रोगी चिखलात सापडलेला, म्हणून सर्वांनी उत्तरादाखल माझ्याच तक्त्याची प्रत जोडली. रेल्वेने 'अत्यंत सुबोध' असा शेराही मारला आहे. समाधान वाटले.

ता. १५
पत्नीने कुंपणाखालून पेज सरकवली. म्हणाली, मंजुळा माहूलला नांदायला लागलीसुद्धा. तुम्ही घरी कधी?
तक्ता पुन्हा बारकाईने पाहिला. त्यात चूक नाही.
पेज प्यालो.