प्लॅस्टिकमधल्या खुर्च्या

१२ नोव्हेंबर
गेलाच! सहा वर्षांपूर्वी बसवलेला उजवा गुडघा आतून ढिला झालाय. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, धातूच्या खुंटीभोवती बारीक काळी रेघ. हाडाने तिला सोडलंय म्हणे. उठताना कळ मस्तकात जायची ती उगीच नाही.
"आजी, जमिनीवर बसता का?"
"छे!" धडधडीत खोटं बोलले. माझा मुलगा गिह्वान शेजारी छताकडे बघत उभा.

१३ नोव्हेंबर
इथे तरी खरं लिहावं. त्या ऑपरेशननंतर गिह्वानने टेबल आणि दोन खुर्च्या आणल्या. अजून प्लॅस्टिकमध्येच आहेत, वर लसूण ठेवलाय. सासूबाई त्र्याण्णव वर्षांच्या. त्या खालून ऊब दिलेल्या जमिनीवर बसून जेवणार आणि सून वर खुर्चीत? त्यांच्या डोक्याच्या वर माझं बूड? कोणत्या तोंडाने बसू? म्हणून दिवसातून तीनदा पाय मुडपून बसले, भिंत धरून उठले. सहा वर्षं.

१८ नोव्हेंबर
थंडीची किमची घातली. शेजारणी खाली बसून कोबीला मिरची चोळत होत्या, मी भिंतीला टेकून उभी. सासूबाई मला माहेरच्या गावावरूनच हाक मारतात — "बल्ग्योवाली, पाहुणी आलीस का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

१९ नोव्हेंबर
थकले. दुखण्यापेक्षा लपवण्यानेच जास्त.

२४ नोव्हेंबर
ग्वांगजूच्या इस्पितळात दाखल. जुना सांधा काढायचा, हाड साफ करायचं, लांब खुंटीचा नवा बसवायचा. "ही शेवटची संधी, आजी. पुन्हा ढिला झाला तर हाडच उरणार नाही. पाय कायमचा सरळ जखडावा लागेल." मग पुन्हा तोच प्रश्न. या वेळी रडूच फुटलं. "बसते हो. सासूबाई खाली बसतात ना!"
डॉक्टर हसले नाहीत. "मग त्यांना सांगा."
सांगा म्हणे! पन्नास वर्षांत त्यांना उलटून 'ऊं' केलं नाही.

२६ नोव्हेंबर
झालं. साडेतीन तास लागले. पाय माझा वाटत नाही, कुणीतरी पलंगावर ओंडका विसरून गेलंय.

३ डिसेंबर
"मी सांगतो आजीला," गिह्वान म्हणाला. नको म्हटलं, माझं मी सांगेन. संध्याकाळी सासूबाईंचाच फोन.
"जेवलीस?"
"जेवले."
मग फोन ठेवला. राहिलंच सांगायचं. गिह्वानला बजावलंय, अवाक्षर काढू नकोस.

१५ डिसेंबर
घरी आले. दारातून बघते तर लसूण कोपऱ्यात, प्लॅस्टिक फाडलेलं. सासूबाई खुर्चीत, पाय अधांतरी, हातात चमचा! मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आलीस? बस. सहा वर्षं वाट बघतेय, ही बया कधी वर बसेल. खुर्ची तुझ्या गुडघ्यासाठी आणलेली. तू खाली असताना मी बसले असते तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?"
बसले.