वरच्या कोपऱ्यातले साहेब

३ नोव्हेंबर, नायगाव
आले एकदाची! रेणापूरहून निघताना आईचं तोंड एवढंसं झालं होतं, मला मात्र कधी एकदा गाडी सुटते असं झालेलं. फ्लेक्सच्या दुकानात डिझायनरची नोकरी, राहायला वरची खोली, आणि मालक मल्लिनाथ स्वभावाने गरीब. शाईचा वास डोक्यात जातो, सवय होईल म्हणतात. पहिल्याच दिवशी चार वाढदिवस, एका रसवंतीचं उद्घाटन आणि एक भावपूर्ण श्रद्धांजली. माणसं गोरी करायची, टकलावर केस लावायचे, गळ्यात साखळी घालायची. मजा आहे. मालकांनी एकच बजावलं, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या साहेबांना हात लावायचा नाही.

६ नोव्हेंबर
साहेब प्रत्येक फ्लेक्सवर असतात. पांढरा सदरा, जोडलेले हात, बेताचं हसू. गिऱ्हाईक कुठल्याही पक्षाचं असो, साहेब तेच. नाव काय म्हणून विचारलं तर मालक डोकं खाजवायला लागले. एका गिऱ्हाइकाने आमदार सांगितलं, दुसऱ्याने चेअरमन, तिसऱ्याने देवमाणूस. प्रत्यक्ष कुणीच पाहिलेलं नाही. आज चौकातला चांगला चालता बोअर बंद केला. साहेबांचं तसं म्हणणं आहे, एवढं ऐकून बायका रिकाम्या घागरी घेऊन मुकाट्याने घरी गेल्या. मला हसू आलं, पण माझ्याबरोबर कुणी हसलं नाही.

९ नोव्हेंबर
परवा हरिओमचा वाढदिवस. धाकट्या भावाला काय द्यावं? फ्लेक्सच! दहा बाय आठचा, 'युवा नेतृत्व' असं ठळक लिहून. नेता कसला, बारापर्यंत लोळतो आणि अक्का चहा टाक, अक्का शंभर रुपये दे म्हणून जीव खातो. तरी त्याच्यावाचून इथे करमत नाही. साहेब कॉम्प्युटरवरच्या तयार साच्यातच असतात, तेही आपोआप आले. फ्लेक्स गाडीत घालून दिला. त्याचे दोस्त वेशीत बांधतील.

१३ नोव्हेंबर
हरिओमचा फोन. म्हणाला, "आदरणीय ताई, आपण दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार." थट्टा समजून मी हसले. तो हसला नाही.
मग आईने फोन घेतला. सांगत होती, दोन दिवस झाले जेवला नाही, पांढरे कपडे घालून वेशीत हात जोडून उभा असतो, लोक पाया पडून जातात. "डोळे मिटायची तऱ्हाच बदलली गं पोराची," म्हणाली. मला नीट कळलं नाही. तेव्हापासून हातात काम टिकत नाही.

१४ नोव्हेंबर
साहेबांचा फोटो मोठा करून पाहिला. पापण्या आहेत, पण आत दोन्ही कडांना पातळ कातडं आहे, दारावरच्या पडद्यासारखं बाजूने सरकणारं. फाइल कुणी दिली ते मालकांना आठवत नाही. बोलताना त्यांनी डोळे मिटले. कडेने.
मग चौकात जाऊन उभी राहिले. ज्यांचे ज्यांचे फ्लेक्स लागलेत ते सगळे तसेच.
हे साहेब तालुक्याचे नाहीत, जिल्ह्याचे नाहीत, या पृथ्वीवरचेच नाहीत. लढाई करावी लागली नाही त्यांना. आम्हीच कोपरा दिला. हरिओमला तर मी माझ्या हाताने दिला. मला फार भीती वाटते आहे.

१५ नोव्हेंबर
मालक जेवायला गेले तेवढ्यात साहेबांना पुसलं. एकटा हरिओम छापला. लातूरच्या गाडीत बसून लिहिते आहे. गुंडाळी मांडीवर आहे. कंडक्टरने दोनदा विचारलं, कुणाचा फ्लेक्स.

१६ नोव्हेंबर, रेणापूर
जुना फाडला, नवा बांधला. हरिओम बघत राहिला. मग डोळे मिटले — वरून खाली, माणसासारखे.
"अक्का, लई भूक लागली गं. घरी चल."
चार भाकरी खाल्ल्या त्याने. आई थापत होती आणि मी रडत होते.

१७ नोव्हेंबर
मालक गाडी करून आले. वेशीत तिसरा फ्लेक्स. कोपऱ्यात साहेब, मध्ये हरिओम. खाली 'शुभेच्छुक' म्हणून मी — नोकरीच्या अर्जावरचा माझा फोटो —
हरिओम ताटावरून उठून पुन्हा वेशीत गेला.
फाडायला धावले. हात वर केले ते जोडले गेले. सुटेनात — आईने ओढून सोडवले —

१८ नोव्हेंबर
डोळ्यांच्या कडांना खाज.
मालकांना आता आईचा फोटो हवा आहे. मातोश्री म्हणून घालायचा. आईचा एकच फोटो आहे, कपाटात, साड्यांखाली. देणार नाही. काही झालं तरी —
मी सुकन्या. रेणापूरची. हरिओमची अक्का.
आई, मी मागितला तरी देऊ नकोस. मी —
मी सुकन्या. कु. सुकन्याताई. आदरणीय — नाही, नाही —
फोटो साड्यांखाली — आपणा सर्वांच्या सेवेसाठी, मातोश्रींचा फोटो घेऊन, साहेबांच्या आशीर्वादाने आम्ही