प्रोसिडिंगची कोरी पानं

आप्पा, आज दुपारी पुण्याच्या कोर्टात साहेबांचा निकाल आहे. तुम्ही गेलात तेव्हा साधं आरोपपत्रही दाखल झालं नव्हतं. आता साहेबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, काठी टेकत येतात, आणि ते आले की व्हरांड्यातली माणसं अजून उठून उभी राहतात. ज्यांची पतसंस्था त्यांनी बुडवली, तीच माणसं! तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. म्हणून मी गेले नाही. कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकल घ्यायचीत असं आईला सांगितलं आणि इथे अवसरीच्या लॅबमध्ये बसून जर्नलच्या उरलेल्या कागदांवर तुम्हाला लिहितेय. प्रॅक्टिकल कालच संपली.

साहेबांच्या वकिलाचं म्हणणं ऐकायचंय? म्हणे अध्यक्षांनी सहकाऱ्यांवर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा. नसलेल्या माणसांच्या नावानं कर्जं मंजूर केली ती कर्ज समितीनं, समितीच्या प्रत्येक ठरावाखाली प्रमुखांची सही आहे, आणि प्रमुख हयात नाहीत. प्रमुख म्हणजे तुम्ही. त्या पैशावर कुणाची निवडणूक झाली, कुणाच्या गाड्या फिरल्या, हे जुन्नरात चहाच्या टपरीवरही माहीत आहे. पण आज जज्जांनी वकिलाचं ऐकलं तर साहेब हार घालून गावात येतील आणि तुम्ही कायमचे चोर ठराल. आई कालपासून एकच बोलतेय, "त्यांनी खाल्लं असतं तं घरावर येखादा नवा पत्रा तरी दिसला असता ना!" तिचा जीव या निकालात अडकलाय. तिला पैसे नकोत, साहेबांना शिक्षाही झाली नाही तरी चालेल तिला. तुमचं नाव तेवढं धुऊन मिळावं, बस्स.

पण मी तुमच्यावरही चिडलेय आप्पा, आणि आज ते बोलून घेणार आहे. बेल्ह्याच्या बैलबाजारात तुमच्याइतका खट माणूस नव्हता. बैलाचा ओठ उचलून दात बघायचे, खूर दाबायचे, पाठीवर थाप मारून तो बिचकतो का बघायचं. समोरचा म्हणाला, "गुणी जनावर हाये आप्पा, माझ्या शब्दावर घ्या," की तुम्ही हसायचात. "शब्द ऱ्हाऊ द्या पावणं, आधी चालवून दाखवा." मग रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा आणि तो कधी मोडायचा नाही. म्हणून तर साहेबांनी तुम्हाला संचालक केलं. मढपासून बेल्ह्यापर्यंत लोकांनी ठेवी ठेवल्या त्या साहेबांकडे बघून नाही. "आप्पा हायेत म्हंजी काय भ्या न्हाई," असं म्हणून ठेवल्या. अहो, एका बैलासाठी अर्धा दिवस उन्हात उभे राहायचात तुम्ही, आणि लोकांच्या आयुष्यभराच्या पुंजीवर न वाचता सही?

मीटिंगची तऱ्हा मला माहीत होती. मिसळ यायची, पावसापाण्याच्या गप्पा व्हायच्या, कुणाच्या तरी मुलीचं स्थळ निघायचं, आणि उठताना सगळे संचालक प्रोसिडिंग बुकात कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या करून मोकळे. वरचा ठराव सेक्रेटरी सवडीनं लिहिणार, 'सर्वानुमते मंजूर'. दूध डेअरीत तेच, सोसायटीत तेच. पान वाचायला मागणं म्हणजे माणसावर संशय घेणं, आणि साहेबांवर संशय कोण घेणार!

मी बारावीला होते. तुम्ही कांद्याच्या चाळीत कांदा निवडत होतात आणि सेक्रेटरी मोटरसायकलवर ते बुक घेऊन आला. वारं होतं, म्हणून मला पानं धरायला बसवलंत. मी एकेक पान उलटतेय, दोन्ही कोपरे दाबून धरतेय, तुम्ही लेंग्याला हात पुसून सही करताय. पाच-सहा पानं झाल्यावर मी म्हणाले, "आप्पा, यात तर काहीच लिहिलेलं नाही." तुम्ही मान वर केलीत. "साहेबांनी पाठवलंय. तुला लई कळाया लागलं का? बापाला शिकवती व्हय!" सेक्रेटरी खो खो हसला. "पोरगी वकील व्हनार बरं का आप्पा!" मी उरलेली पानंही धरली. तो सेक्रेटरी आता शपथेवर सांगतो, प्रत्येक ठराव आप्पांना वाचून दाखवला होता. बाकीचे संचालक साहेबांच्याच बाजूचे, त्याला खोटं पाडणारं माणूस एकच उरलं होतं. मी.

गेल्या वर्षी माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी बुक पुढे केलं. सही वडिलांचीच का? हो. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, सही केली तेव्हा पान कोरं होतं की वर मजकूर होता? तुम्ही तिथं होतात का?" आई त्या दिवशी आली नव्हती, पण मागच्या बाकावर तुमचे बाजारातले सोबती बसले होते, तुमच्या तोंडाकडे बघून भाव ठरवणारे. पान कोरं होतं म्हणाले असते तर सगळ्यांना कळलं असतं की आप्पांना एका सेक्रेटरीनं चाळीत बसून बनवलं. आपल्याकडे ज्यानं खाल्लं त्याला लोक शिव्या देतात आणि वरून दबकून राहतात. ज्याला गंडवलं त्याला फक्त हसतात. तुम्हाला कुणी चोर म्हणालं तर भांडायची ताकद होती माझ्यात. येडा म्हटलेलं सहन झालं नसतं. मी म्हणाले, "आठवत नाही." वकिलांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि खाली बसले. साहेबांच्या वकिलानं मला एकही प्रश्न विचारला नाही.

त्या दिवसापासून मी साहेबांना शिव्या घालतेय, सेक्रेटरीला घालतेय, तुम्हाला घालतेय. जो राग माझ्यावर निघायला हवा, तो असा सगळ्यांत वाटत बसलेय.

कोर्टाची जेवणाची सुट्टी संपली असेल. आईचा हा तिसरा फोन. मी उचलत नाहीये, कारण निकाल काहीही लागला तरी ती तेच विचारणार, वर्षभर विचारतेय, "तू तं तिथं व्हतीस गं, पानं धराया. मंग वकिलानं तुला कसं इचारलं न्हाई?" हे कागद घरी नेण्यासारखे नाहीत, आई सगळं वाचते. तिला मी सांगून ठेवलंय, आप्पा, की मला कुणी विचारलंच नाही.