दोन मिनिटांची घंटी

३ फेब्रुवारी, सोमवार

कालच्या नोंदीत चूक झाली. बालवाडी मंडळाच्या सभेला अकरा नव्हे, नऊच सभासद होते. दोघे बल्ब बदलायला आले होते, मी त्यांनाही मोजलं.

बाकी खरं आहे. छावनीची आमची बालवाडी किलागेटच्या बालवाडीत विलीन होणार आणि दोन बाईंपैकी एकच राहणार, मी किंवा विजयाबाई. भांडणं नकोत म्हणून सभा चालवणारं ॲप मीच सुचवलं. मतं फोनवर लिहायची, नावं लपलेली. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं, मग घंटी. यंत्राला ना काका ना मावशी. न्याय होणारच.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार

सभा उत्तम. तात्यासाहेब ८१ वर्षांचे, त्यांच्याआधी इथे कुणी तोंड उघडत नाही. छावनीच्या जुन्या दिवसांवर बोलले. शेवटी म्हणाले, "आता शामलाबद्दल. या मुलीला काढणार असाल तर माझं..." घंटी. माइक बंद. "अरे, पूरी बात तो सुनो!" म्हणून ओरडले. मी नम्रपणे सांगितलं, नियम सर्वांना सारखा. काठी उचलून घरी गेले. माझ्या निःपक्षपातीपणाची छाप पडली असावी.

संध्याकाळ

पडद्यावर मतं आली. "शामला मुलांनाही सॉरी म्हणते." ती सभ्यता आहे. "नऊ वर्षांची होईपर्यंत घरीच शिकली. चार मुलं आली की स्वयंपाकघरात दडायची." हे ॲपने कसं ओळखलं? कमाल आहे. मला घरी शिकवणारे दिनकरकाका शेजारीच होते. तेही थक्क झाले असावेत, मान वर करेनात.

मी मत दिलं नाही. ॲप चालवणाऱ्याने देऊ नये.

१० फेब्रुवारी, सोमवार, रात्र

विजयाबाई राहणार. कारण: "शामला यांचा आक्षेप नोंदलेला नाही." मतं आल्यापासून चोवीस तासांत आक्षेप नसेल तर संमती, हा नियम ॲपमध्ये मीच भरला होता. काका म्हणाले, "मशीन तूच आणलीस ना बेटा? मग आता रडू नको." विजयाबाईंनी पेढा दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अन्याय सहन करणार नाही. अपील करणार. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचला संपते. उद्या मसुदा, परवा शुद्धलेखन. शनिवारी विजयाबाईंचा सत्कार आहे, खुर्च्या मांडायला मलाच बोलावलंय. तिथे कागद पुढे करणं बरं दिसणार नाही. रविवारी कुणाला त्रास देऊ नये.

तेव्हा नक्की: सोमवार, १७ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता.