वाकळीचं पोट

२ नोव्हेंबर, रविवार

हर्षालीले मुन्शिपाल्टीत काम लागलं! माही नात, पोराची पोरगी. परवापरवा नाक पुसता येत नव्हतं, आता गळ्यात फोटोवालं कार्ड घालून वार्डावार्डात फिरते. आमच्या साऱ्या मावला गावात सांगून आली मी. ज्यायले माहीत होतं त्यायले बी सांगितलं.

बसस्टँडामागं निवारा बांधला हाय. ज्याले घर नाई त्यानं थंडीचं तिथं निजावं. खाटा आल्या, पाणी आलं. पांघरुणं आपल्या बायांनी जुन्या लुगड्यायची शिवून द्यावी, वाकळी — ही माह्या नातीची कल्पना! हापीसातल्या मॅडमनं तिची पाठ थोपटली म्हणे. दुसरीत शाळा सोडलेल्या आजीची नात हाय, म्हटलं!

५ नोव्हेंबर

शिवणकाम बुद्धविहाराच्या वसरीत. ताराबाईनं जागा दिली. ताराबाई म्हणजे शेजारीण, तिचा पोरगा मास्तर हाय. वसरी मोठी, सकाळचं ऊन पाठीवर येते.

घरातून जुने कपडे काढले तर आमचे हे मागं मागं. "भागा, ते धोतर नको घेऊ, अजून चांगलं हाय."

"चांगलं? त्यातून सारं आदिलाबाद दिसते!"

घेतलंच. वाकळीच्या मधात घातलं. आता कोणीतरी भगवंतरावांच्या धोतरात गरम निजन.

८ नोव्हेंबर

बसस्टँडात रुक्माबाईकडून सीताफळं घेतली. वांकिडीकडची बाई. वर्सानुवर्स तिथंच टोपली मांडते अन् तिथंच भिंतीले लागून निजते. मागल्या थंडीत असी खोकत होती, की मले वाटलं गेली ही. तवापासून काळजात हाय.

मी म्हटलं, "बाई, निवारा होऊन राह्यला. यंदा तू तिथं नीज."

तिनं सीताफळ परत टोपलीत ठेवलं. "मी काय भिकारी हावो?"

"तसं नाई व —"

"नवरा गेल्यापासून कोणाच्या वसरीत नाई निजली मी. फुकटाचं पांघरूण नको मले. घ्या फळं, नाई तर पुढं व्हा."

फळं घेतली. घरी येऊन खाऊच वाटलं नाई. चांगलं बोलाले गेली अन् लागलं तिले! पण जीव तर वाचला पाह्यजे ना तिचा? थंडी तर आली.

१३ नोव्हेंबर

आज पहिली वाकळ पुरी झाली. शेवटचा कोपरा शिवाच्या आधी मी भाकरीचा तुकडा आत सरकवला. सासूबाई म्हणत — वाकळीचं पोट भरल्याबिगर तोंड शिवू नये, उपाशी वाकळ ऊब देत नाई. मले वाटलं ताराबाई हसन. तर तिनं पदरातून तुकडा काढला! "आमच्यात बी असंच, भागाबाई." मग काय, साऱ्याच बायांनी घातले. कोणाची ज्वारीची, कोणाची पोळी. एकीनं तर पुरण घातलं.

१७ नोव्हेंबर

साऱ्या वाकळी वार्डाच्या हापीसात पोचल्या. घडी करून थप्प्या लावल्या. काय रंग! मॅडमनं मोबाईलवर फोटो काढला. त्यात मी बी हाय, डोळे मिटलेली.

२१ नोव्हेंबर

काय सांगू. उंदरं!

मॅडमनं खोली उघडली अन् तेलुगूत ओरडली, "एलुकलु, अम्मा! एलुकलु!" साऱ्या वाकळी कुरतडल्या. अन् नवल हे, की साऱ्या कोपऱ्यातच. बाकी टाका बी हलला नाई. मॅडमले समजेना, उंदरायले कोपराच काऊन आवडला. मी अन् ताराबाईनं एकमेकीकडं पाह्यलं नाई.

घरी येऊन हर्षालीले भाकरीचं सांगितलं.

"आजी, तू सरकारी मालात भाकर घातली?"

"मी एकलीनं नाई. साऱ्यायनं."

आधी हसली, मग डोळ्यात पाणी. निवारा या रविवारच्या पुढल्या रविवारी सुरू होणार. पोरीचं पहिलंच काम! अन् बाया तर आता कापूस वेचाले गेल्या साऱ्या. वसरीत मी अन् ताराबाई. ताराबाईले जवळचं दिसत नाई, मले दूरचं.

२३ नोव्हेंबर

रुक्माबाईकडं गेली. फळं घ्याले नाई. म्हटलं, "तुले शिवता येते का? हात कमी पडून राह्यले. उंदरायनं खाल्लं."

"काऊन खाल्लं?"

सांगितलं. ती असी हसली की टोपली हलली! या बाईले हसताना मी पहिल्यांदा पाह्यलं.

"उद्या येतो," म्हणे. "पण चहा साखरेचा पाह्यजे."

२४ नोव्हेंबर

आली! टोपली विहाराच्या पायरीवर ठेवली अन् आमचं काम पाहून म्हणे, "हे टाके हायेत का बैलाच्या उड्या?" ताराबाईचं तोंड पाहाले पाह्यजे होतं.

कोपऱ्यायले ठिगळं लागणार. कपडा पुरेना. तर तिनं आपल्या गाठोड्यातलं लाल लुगडं काढलं अन् टर्रकन फाडलं. मी म्हटलं, "अव, राहू दे, नेसाचं हाय ते!"

"नेसाचं होतं. नवऱ्यानं आणलं होतं आसिफाबादच्या बाजारातून. पेटीत ठेवाले पेटी कुठं हाय मले?"

दुपारी मी भाकर घेऊन विचारलं, पुन्हा पोट भराचं का? ताराबाई म्हणे, नको माय! रुक्माबाई म्हणे, "एकदा भरलं ना? उंदरानं खाल्लं म्हणजे पोचलं. द्या इकडं." अन् भाकर तिनं अन् मी वाटून खाल्ली.

सांजेले टोपली उचलून बसस्टँडात परत. निवाऱ्याचं नाव तोंडावर आलं होतं. जीभ दाबून ठेवली दातात.

२८ नोव्हेंबर

झाल्या साऱ्या. एकएका वाकळीले लाल कोपरा. मॅडमले वाटलं डिझाईन हाय. हर्षाली म्हणे, "होय मॅडम." पोरगी हुशार!

३० नोव्हेंबर, रविवार

निवारा सुरू झाला. नारळ फोडला. लोकं आली, एक म्हातारा, एक बाई लेकरू घेऊन, हमाल काही. हर्षाली साऱ्यायले खाटा दाखवत होती. मी दाराकडंच पाहत होती.

रुक्माबाई आली नाई.

२ डिसेंबर

लय थंडी. बोटं गारठली, अक्षर पाहा कसं.

३ डिसेंबर

हर्षालीनं आज सांगितलं. काल सांजेले रुक्माबाई निवाऱ्यात आली होती. निजाले नाई, वाकळी पाहाले! एका हमालानं तिनं ठिगळलेल्या वाकळीनं पाय पुसले, तर असी झापली त्याले! मग म्हणे, इथं कोणी पाहणारं नाई का? मग झाडू मागितला. मग एका खाटेखाली टोपली सरकवली, "फळं बाहेर गारठतात" म्हणून.

"अन् मग?" मी विचारलं.

"मग मी घरी आली, आजी. मले काय माहीत."

६ डिसेंबर

आज निवाऱ्यात गेली. दारात रुक्माबाई, पदर खोचलेला. मले आडवा हात लावला.

"भागाबाई, चपला बाहेर. आत्ताच घर पुसलं माह्यं."