यंदाचा पहिला नंबर

रत्नागिरी, १८ डिसेंबर १९३२

चि. तुळसा हिला दादाचे आशीर्वाद.

दोन महिने पत्र धाडले नाही, रागावू नकोस. माझी प्रकृती ठीक आहे. आईचा खोकला थांबला का?

यंदाचे माझे आवडते चित्रपट तू विचारले होतेस. चाच्यांचा एक आवडला. त्याहून आवडला तो मे महिन्यात आपण मांडवीच्या तंबूत पाहिलेला मूकपट. पडद्यावर राजाच्या प्रतिज्ञेची अक्षरे उमटली आणि तू नटाचे ओठ वाचून मोठ्याने म्हणालीस, "दादा, प्रतिज्ञा कसली! मेल्या, पंखा जोरात हलव म्हणतोय तो!" सगळा तंबू हसला होता.

पत्र लांबले ते पहिल्या नंबरामुळे. तो बोलपट आहे. लहानपणी तापात तुझे कान गेले, तेव्हापासून आपल्या दोघांना सारखीच मिळणारी मूकपट ही एकच करमणूक. आणि मला या बोलपटातले गाणे ऐकून रडू आले. मूकपटालाच पहिला नंबर द्यावा, असे रोज वाटे. पण तुझ्याशी खोटे कसे बोलू?

तंबूवाला म्हणतो, "मास्तर, आता मुके सिनेमे कोण बघणार?" संक्रांतीला तू येशील तेव्हा बोलपटच असेल, अक्षरे नसतील. तुला नेले तर छळ होईल, की न नेणे हाच अपमान? मला ठरवता येत नाही. मात्र नट आता बोलतात तेच ऐकू येते. मग ओठांवरही तेच असणार, तुला वाचता येईल ना?

तुझाच,
दादा

ता. क. उद्याचे काम: कानांत कापूस घालून तोच बोलपट पुन्हा पाहणे.